वळणावरचं तेल

दि. २० मार्च, बुधवार
दुपार, बाबांच्या दुकानातून

प्रिय ताई,

नमस्कार, गोड पापा, जे काय तुला माझ्याकडून लागत असेल ते सगळं घे. इकडे सगळे ठीक आहेत. तूही ठीक असशील असं धरून चालतो. तुझ्या दवाखान्यातले दात काही ठीक नसणार, पण ते ठीक झाले तर तुम्ही सगळे बसाल माश्या मारत.

पत्राला कारण आहे, पण ते मी शेवटी लिहिणार आहे. तुला शेवटचं पान आधी उघडून बघायची खोड आहे, लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांची तू वाट लावलीस. या खेपेला तसं करू नकोस. खरंच करू नकोस, ताई.

तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून एवढं आत्ताच सांगून टाकतो. कुणी आजारी नाही. आईचं म्हणणं आहे, “तिला लिही, काय वाटेल ते लिही, पण एका गुरुवारी तिला घेऊन ये.” बाईंचं म्हणणं आहे, “ओढून आणू नकोस. फक्त विचार.” तर मी फक्त विचारायला बसलोय. बसलोय म्हणजे दुकानातल्या त्या उंच स्टुलावर, ज्याचा एक पाय आखूड आहे. त्याच्याखाली अजूनही तीच घडी केलेली पुठ्ठ्याची चकती आहे. बाबा जगाची कुलपं दुरुस्त करतात, पण स्टूल काही त्यांच्याकडून दुरुस्त होत नाही.

बाई म्हणजे समुपदेशक बाई. आता तू कपाळाला आठी घालशील, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

बाबा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले हे मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस. माझ्या बुटांची मात्र चौकशी केलीस. (बूट फाटले. आंगठा बाहेर येऊन जग बघत होता.) त्या बुटांमुळेच मी घरी आलो. ट्रकवाल्या काकांबरोबर खाली बंदराच्या बाजूला निघालो होतो, वाटेत आपलं गाव येणार होतं, म्हटलं कपाटातले जुने बूट काढू, आईच्या हातचं दोन दिवस जेवू आणि पुढे जाऊ. हा काका एकदम मजेशीर माणूस आहे, टायरांशी बोलतो. सगळ्या टायरांची नावं ठेवलीयत त्यानं, आणि मागचा डावा रुसला की त्याची समजूत काढतो. पण ते राहू दे.

घरी आलो तर आई म्हणाली, “बरं झालं आलास, आज गुरुवार आहे, चारला जायचंय.” कुठे जायचंय, कशाला, काही नाही. मला वाटलं माझ्यासाठी मुलगी बघायला जायचंय. मी केस विंचरले, ताई.

तर केंद्रातून सोडताना तिथल्या लोकांनी सांगितलं होतं की एकट्या माणसाला नीट करून त्याच जुन्या घरात परत सोडलं तर फार दिवस टिकत नाही, सगळ्या घरानं यायला पाहिजे. बाबांना ते लगेच पटलं. म्हणाले, नुसती किल्ली घासून काय उपयोग, कुलूपही उघडून बघावं लागतं. आईला मात्र अजिबात पटलं नव्हतं. तिचं म्हणणं, पितात हे, आणि समुपदेशन मला? तरी ती गेली, कारण बाबांना एकटं पाठवलं तर ते तिथे काय सांगतील याचा तिला भरवसा नव्हता.

बाईंची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. लाकडी जिना आहे, तिसरी पायरी ओरडते. खोलीत चार खुर्च्या, एक बुटकं टेबल, खिडकी आणि एक उभा पंखा. हा पंखा लक्षात ठेव. बाई पन्नाशीच्या असतील, पायात पळायचे बूट, आणि पेन्सिल केसात खोचलेली, जी त्या दर वेळी टेबलावर शोधतात. खाली सायकलवाला नवीन घंटी बसवली की वाजवून बघतो. त्यामुळे आमच्या घराच्या सगळ्या दुःखद गोष्टींना मधे मधे ट्रिंग ट्रिंग असतं. पहिल्या दिवशी आई हुंदका द्यायच्या बेतात होती, आणि ट्रिंग. तिचा हुंदकाच परत गेला. मला हसू आवरेना. बाईंनी माझ्याकडे बघितलं, पण रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, हसू नेमकं कधी येतं त्याच्याकडे लक्ष ठेव. मी ठेवलं, ताई. ते नेमकं कधी येतं ते तुलाही माहीत आहे.

बाईंचे नियम दोनच. एक, बोलताना हातात उशी पाहिजे. ज्याच्या हातात उशी तो बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं. हा नियम आईसाठीच काढलाय असं मला वाटतं, कारण बाईंनी बाबांना विचारलं की झोप कशी लागते, तर आईनं सांगितलं. मला विचारलं की काम काय करतोस, तर तेही आईनंच सांगितलं, आणि चुकीचं सांगितलं. पण उशी देऊनही काही फरक पडला नाही. तिच्या हातात उशी गेली की परत येत नाही. एकदा तर ती उशी घेऊन घरीच आली. धुतली, कापूस पिंजला, उसवलं होतं तिथे शिवण घातली आणि पुढच्या गुरुवारी परत नेली. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत उशीला पहिल्यांदाच बरं वाटलं असेल.

दुसरा नियम माझ्यासाठी. कुणी कुणाचा निरोप्या व्हायचं नाही. तू घर सोडून गेल्यावर सगळे निरोप माझ्यातूनच जायचे. “बाबांना सांग जेवण वाढलंय.” “आईला सांग मला भूक नाही.” दोघं एकाच खोलीत. मी मधे उभा, टपाल पेटी. आणि तू असताना ते सगळं तुझ्यातून जायचं, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं. माझी पाळी आली तेव्हा मी सरळ घर सोडून पळालो, आणि लोकांना सांगत फिरलो की मला भटकायची आवड आहे. तशी आवड आहेच, तू मला चाक म्हणतेस ते उगाच नाही. खोटं नाही ते. पण सगळं खरंही नाही.

हे लिहिताना स्टूल डुगडुगलं. जरा उठून आलो.

हं. तर स्कूटरबद्दल. तुझा विषय निघाला तो स्कूटरवरूनच. ती अजून पडवीत उभी आहे, तुझी जुनी चादर अंगावर घेऊन. बाईंनी दुसऱ्या का तिसऱ्या गुरुवारी विचारलं की मुलीच्या हाताला काय झालं होतं. उशी अर्थातच आईकडे. तिनं सांगितलं, बाबा तुला परीक्षेहून आणायला गेले होते, वळणावर तेल सांडलं होतं, स्कूटर घसरली, तुझं कोपर मोडलं. ते सांगताना, ताई, आई रंगात येते. मी लहान होतो तेव्हा त्या गोष्टीत तेलाचा डबा असायचा. मग टेम्पो आला. आता टँकर झालाय. त्या तेलावर ऊन पडून सात रंग दिसत होते, आणि कुणीतरी भला माणूस वाळू टाकत होता, इथपर्यंत गोष्ट गेलीय.

बाईंनी विचारलं, “तुम्ही होता तिथे?”

आई म्हणाली, “नाही, मी घरी होते.”

“मग वाळू टाकताना कुणी पाहिलं?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा आपल्या हातांकडे बघत होते, कानशीच्या कामानं काळे झालेले ते बोटांचे शेंडे. खाली ट्रिंग वाजलं. या खेपेला मला हसू आलं नाही. बाई पेन्सिल शोधत बसल्या. केसातच होती.

मीही ती तेलाची गोष्ट ट्रकवाल्या काकांना सांगितलीय, ताई. सात रंगांसकट.

त्या दिवशी घरी येताना बाबा पडवीत थांबले आणि स्कूटरची चादर नीट केली. आईनं मग बाईंसमोर तक्रार केलीच, की हे किल्ल्यांचे कारागीर, अख्ख्या गावाला किल्ल्या करून देतात, आणि स्वतःची गाडी इतकी वर्षं गंजत पडलीय, कारण किल्ली मुलगी घेऊन गेली. बाईंनी बाबांना विचारलं की एक किल्ली करायला तुम्हाला किती वेळ लागतो. बाबा म्हणाले, चहा गार व्हायच्या आत होते. मग का नाही केलीत?

बाबांनी उशी मागून घेतली. पहिल्यांदाच.

“तिनं काढून घेतलेली किल्ली मी कशी करू?”

एवढंच. आणि उशी परत दिली, खूप सांभाळून, जशी काही ती कुणाची तरी अनामत ठेव होती.

आता मी तुला असं लिहीत नाहीये की बाबा सुधारले. मधे एकदा ते घसरले. केंद्रातून आल्यावर, मी यायच्या आधी. आईनं ते झाकायची तयारी केली होती, बाबांनीच गुरुवारी सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, खात्री मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. पण लपवलं नाही हे मी बघितलं. तर मीही तेवढंच लिहितो. आज सकाळपासून ते दुकानात आहेत, दोन कुलपं उघडली, एका म्हातारीला फुकट तेल घालून दिलं (कुलपाला), आणि डोकं ठिकाणावर आहे. उद्याचं मला माहीत नाही.

मधल्या एका गुरुवारी मी पळालो होतो, तेही सांगतो. पिशवी भरली आणि बसथांब्यावर गेलो. तिथे दोन माणसं माणसाएवढा आरसा टेम्पोत चढवत होती, आणि आरशात सगळा रस्ता उलटा जात होता. मी बघत उभा राहिलो, मग मागून हात लावला, मग त्यांच्याबरोबर जाऊन तो आरसा न्हाव्याच्या दुकानात लावूनही आलो. तोवर बस गेली. परत येताना म्हटलं, चार वाजायला आलेत, जिन्यावरून जाऊन तरी बघू. आई दारात उभी होती. तिनं माझी पिशवी घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून बसली. उशीही आणि पिशवीही. सगळं सामान तिच्याकडे.

आणि मग मागचा गुरुवार.

बाई म्हणाल्या, आज बोलायचं नाही. आज आपलं घर उभं करून दाखवायचं. फोटोवाला कसा माणसं उभी करतो, तू इकडे, तुम्ही जरा मागे, तसं एकेकानं सगळ्यांना उभं करायचं. घर जसं वाटतं तसं. आणि जो इथे नाही त्याच्या जागी खोलीतली एखादी वस्तू घ्यायची.

तुझ्या जागी काय, यावर भांडण झालं. आईला फुलदाणी पाहिजे होती. बाबा म्हणाले, “पंखा.” रागावू नकोस, ताई. उंची तुझ्याएवढीच आहे. आणि तो मान फिरवणारा पंखा आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नाही, नाही, नाही. तुला जेवायला बोलावलं की तू अशीच करायचीस.

पहिली पाळी आईची. तिनं बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, स्वतः मागे त्यांची कॉलर धरून उभी राहिली. मला दारात उभं केलं, हातात पिशवी देऊन. तुला, म्हणजे पंख्याला, स्वतःच्या अगदी बाजूला घेतलं. मदतीला.

मग बाबांची पाळी. त्यांनी आईला खिडकीशी उभं केलं. मला दारात, माझ्या बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे. स्वतःची खुर्ची समोरच्या कोपऱ्यात नेली. आणि पंखा उचलून बरोबर दोघांच्या मधे ठेवायला निघाले, तर वायर पुरेना. बाई म्हणाल्या, बटण बंद करून न्या ना. बाबा म्हणाले, “नको. ती कधी बंद नव्हती.” मग मी दारातली जागा सोडून लांब वायरीचा बोर्ड शोधून आणला, खालच्या सायकलवाल्याकडून. त्यानं कशाला पाहिजे विचारलं. मी म्हटलं, बहिणीसाठी. तो बोर्ड धरून बघतच राहिला.

तर पंखा मधे. बाबा कोपऱ्यात बसले. पंख्यानं आईकडे तोंड केलं, मग हळूहळू बाबांकडे, मग परत आईकडे. आईचा पदर उडायचा, मग बाबांचे केस उडायचे. मी दारात उभा, आणि मला एकदम ती संध्याकाळची जेवणं आठवली. तू मधे बसलेली, एक डोळा आईवर, एक डोळा बाबांवर, ताटात बघायची तुला फुरसतच नव्हती. आणि आम्ही म्हणायचो, हिला भूकच नसते.

बाबा उठले. पंख्यासमोर जाऊन उभे राहिले. बाई म्हणाल्या, त्याचं फिरणं थांबवू का. ते म्हणाले, “राहू दे. तिला नको असेल तर तिनं मान फिरवावी.”

पंखा त्यांच्याकडे यायची त्यांनी वाट बघितली. आला, तेव्हा ते काहीतरी बोलले. पंख्यानं तोंड फिरवलं. ते तिथेच उभे राहिले. तो परत आला, तेव्हा तेच परत बोलले, या खेपेला जरा मोठ्यानं. आई “अहो” म्हणून मधे पडायला निघाली होती. बाईंनी तिच्या हातात उशी दिली आणि तिला खाली बसवलं. आईनं उशी पोटाशी धरली आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तू रोज लोकांना तोंड उघडायला लावतेस, तुला माहीत असेल ते कसं दिसतं, आत काहीतरी फार दिवसांपासून ठणकत असलं की.

बाबा काय बोलले ते मी लिहिणार नाही. मी निरोप्या नाही. ते त्यांचं वाक्य आहे. पण मला ते ऐकून किती हलकं वाटलं ते माझं आहे, म्हणून ते लिहितो. दारातल्या दारात मी पिशवी खाली ठेवली, आणि मला कळलं की ती मी इतका वेळ धरूनच उभा होतो.

मग बाबांनी पंखा उचलून मधून काढला आणि खिडकीजवळ नेऊन ठेवला. म्हणाले, इथे खारूला वारा लागेल. आई रडत होती, तशीच हसली. “अहो, पंख्याला कसला वारा.” मग सगळेच हसलो, बाईसुद्धा. खाली घंटी वाजली, वरून हसण्याचा आवाज ऐकून सायकलवाल्यानं मुद्दाम आणखी दोनदा वाजवली.

मी बाईंना विचारलं, आता मधली जागा मोकळी झाली, तिथे मी उभा राहू का. त्या म्हणाल्या, तिथे कुणी उभं राहायलाच हवं असं नाही. ताई, हे आपल्याला कुणी आधी का नाही सांगितलं?

तर कारण हे. एका गुरुवारी येशील का? राहायला नाही, घरीसुद्धा नाही. चार वाजता, जिन्यावरून वर, फक्त त्या खोलीत. तिसरी पायरी ओरडेल, दचकू नकोस. खिडकीजवळची खुर्ची तुझी, डाव्या कोपराला जागा मोकळी ठेवलेली. नाही आलीस तरी चालेल. बाईंनी मला हे वाक्य तीनदा म्हणायला लावलं, नाही आलीस तरी चालेल, तोपर्यंत माझ्या आवाजातली भीक गेली नव्हती. आता गेलीय असं वाटतं. तुझ्या जागी पंखा आहे, तो नीट काम करतो.

आईचंही तुला सांगायचं एक वाक्य आहे. मी म्हटलं लिही इथे, तर म्हणते, मी तोंडानंच सांगीन, तिच्यासमोर, नाहीतर नाही. लिहिताना पुन्हा टँकर घुसेल याची तिला भीती वाटत असावी.

मी इथेच आहे. खालच्या सायकलवाल्याकडे पंक्चर काढतो, सकाळी. घंट्या वाजवून बघायचं काम आता माझ्याकडे आहे, आणि गुरुवारी चारनंतर मी एकही वाजवू देणार नाही. ट्रकवाल्या काकांना निरोप धाडला, पुढच्या फेरीला बघू. किती दिवस टिकेन ते मला विचारू नकोस, पण पिशवी माळ्यावर टाकलीय आणि शिडी शेजाऱ्यांनी नेलीय.

आता हे शेवटचं पान. मी इथे खाली अर्धं पान रिकामं सोडतोय आणि कागद बाबांकडे देतोय. बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पत्र तुझं, पण त्यांचं वाक्य त्यांनी लिहायचं. बाबा मघापासून पेन झटकतायत. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला म्हणाले, उद्या या, आज मी कामात आहे. त्यांनी काय लिहिलं ते न वाचता मी पाकीट चिकटवणार आहे. मी वाचणार नाही, ताई. पहिल्यांदाच मला वाचायची गरज नाही.

खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवणारा,
तुझा चाक

खारू,

मला पत्र लिहिता येत नाही.

वळणावर तेल नव्हतं. मी प्यायलेलो होतो. तू तेव्हाच खरं सांगितलं होतंस, आणि मी कॉटशेजारी उभा राहून डॉक्टरांना तेल म्हणालो. तू माझ्याकडे बघत होतीस.

किल्ली ठेव नाहीतर टाकून दे. दुसरी मी करणार नाही.

बाबा